तुमचा देव की माझा देव?

 

तुम्ही बसमध्ये ऐकत असाल, स्वयंपाकघरात भाकरी थापताना ऐकत असाल, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत ऐकत असाल, तुमचं मनापासून स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे बोलणं लिहूनही देत आहोत. बोलताना जसं आलं, तसंच बहुतेक ठेवलं आहे.

प्रियांनो, आजचा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या मुलानं माझ्यासमोर ठेवला.

गेल्या जूनमधली गोष्ट. मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. सुट्टीत घरी आला होता. रविवारची सकाळ. मी शर्टाला इस्त्री करत होतो. आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "आवर रे लवकर, पहिली घंटा झाली." तो तसाच पलंगावर बसून होता. म्हणाला, "पप्पा, मी आज येत नाही."

मला वाटलं, बरं नसेल. तर म्हणाला, "तब्येत ठीक आहे. पण खरं सांगू का? तिथं उभा राहून मी जे म्हणतो ना, ते माझं नाहीये. विश्वासाचा अंगीकार मला तोंडपाठ आहे, पण तो तुमचा विश्वास आहे. आजीचा आहे. तो तुमचा देव आहे, पप्पा. माझा आहे की नाही, मला माहीत नाही. नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून किती दिवस यायचं?"

आता मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? त्याला जवळ घेतलं? प्रार्थना केली? नाही. मला राग आला. आणि लपवत नाही, त्या क्षणी मला त्याच्या आत्म्याची काळजी वाटली नाही. मला मंडळीतल्या लोकांची काळजी वाटली. मी कमिटीवर आहे. कमिटीवरच्या माणसाचा मुलगा उपासनेला नाही, लोक काय म्हणतील? पहिला विचार हा. मी इस्त्रीचा प्लग काढला, एक शब्द न बोलता निघून गेलो.

पण देवाच्या घरात देव माणसाला सोडत नाही. अंगीकाराची वेळ आली, सगळे उभे राहिले, मीही राहिलो. पहिलाच शब्द "मी". "आम्ही" नाही, "आमचं घराणं" नाही. "मी". आणि माझा आवाज निघेना. कारण मला आठवलं, त्याच्या वयाचा असताना मीही अगदी असाच होतो. फरक एवढाच, की तो खरं बोलला आणि मी बोललो नव्हतो.

तर आज मला याच गोष्टीवर बोलायचं आहे. विश्वास स्वतःचा असणं म्हणजे काय, आणि तो का लागतो.

आईचा वशिला

आधी माझी गोष्ट सांगतो. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजीला अक्षर येत नव्हतं, पण भजनांमागून भजनं पाठ. नाताळला घरावर कागदाची चांदणी, करंज्यांचे डबे, पेटी-तबला आणि पहाटेपर्यंत गाणी. आई रोज पहाटे उठून गुडघ्यावर. आम्ही भावंडं झोपेत तिची कुजबूज ऐकायचो. एकेकाचं नाव घेऊन ती प्रार्थना करायची. माझं नाव आलं की मी कूस बदलून परत झोपायचो. माझं काम झालं!

सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, आम्ही अकरा मुलामुलींनी एका सुरात उत्तरं दिली. एकही चुकलं नाही. नंतर पेढे वाटले.

पुढे पिंपरीला कंपनीत लागलो. उपासनेला जायचो, दशांश द्यायचो, ख्रिस्ती मुलीशीच लग्न केलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कमी दिसलं नसतं. पण काही अडचण आली, मुलाखत असो, घरभाड्याचं असो, साहेबाशी वाजलेलं असो, मी एकच करायचो. गावी फोन लावायचा आणि म्हणायचं, "आई, जरा प्रार्थना कर गं." आणि ती करायची.

आपल्याकडे तहसील कचेरीत काम असलं की पहिलं काय विचारतो? "तिथं कुणाची ओळख आहे का?" ओळख असली की चिंता नाही, आपलं नाव सांगा, काम होतंय. देवाच्या बाबतीत माझं नेमकं तेच चाललं होतं. देवाकडे माझी ओळख नव्हती. आईची होती. मी आईच्या वशिल्यावर जगत होतो.

आणि मग ती रात्र आली.

पत्नीला सातवा महिना होता. अचानक त्रास सुरू झाला, दवाखान्यात नेलं, मुलगा झाला. वजन १ किलो ३०० ग्रॅम. माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. रात्री अडीचच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, श्वास नीट घेत नाहीये, पुढचे काही तास कठीण आहेत. पत्नी आत गुंगीत. मी एकटा.

मी जिन्यात गेलो आणि आईला फोन लावला. लागेना. गावाकडे पाऊस होता, वीज गेलेली, टॉवर बंद. परत लावला. परत तेच, "संपर्क क्षेत्राबाहेर". अकरा वेळा लावला, प्रियांनो. मी मोजले.

मग मी तिथंच पायरीवर बसलो आणि म्हटलं, आता आपणच करू. आणि माझ्या लक्षात आलं, मला येत नाही. ३१ वर्षांचा माणूस, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, दृढीकरणाची सगळी उत्तरं पाठ, आणि देवाशी बोलायला एक वाक्य नाही. प्रभूची प्रार्थना म्हटली. पाढे म्हणावेत तशी सरसर गेली. परत म्हटली. परत तशीच.

शेवटी जे तोंडातून आलं ते असं होतं: "देवा, मी तिचा मुलगा. आजवर तिच्या ओळखीनं येत होतो. आज तिचा फोन लागत नाही. तुझी माझी काही ओळख नाही. पण इथं दुसरं कुणी नाही. ऐक."

बस, एवढंच. ना प्रकाश पडला, ना आवाज आला. खालच्या मजल्यावर कुणीतरी फरशी पुसत होतं, त्या बादलीचा आवाज तेवढा आला. पण आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी खरं बोललो होतो. आणि जिन्यात मी एकटा आहे, असं मला त्यानंतर वाटलं नाही.

मुलगा वाचला. ४१ दिवसांनी घरी आला. पण इथं मी एक गोष्ट सांगितली नाही तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. त्याच्या शेजारच्या पेटीत एक मुलगी होती. तिचे आईवडील लांबच्या गावचे. तो बाप तर माझ्यापेक्षा जास्त रडला, जास्त हात जोडले. ती मुलगी चौथ्या दिवशी गेली. म्हणून "मी प्रार्थना केली आणि माझं मूल वाचलं" अशी साक्ष मी कधी देत नाही. तसं म्हटलं तर त्या बापाला मी काय सांगू? आणि माझा विश्वास माझ्या मुलाच्या वाचण्यावर उभा असता, तर तो विश्वास नाही, तो व्यवहार झाला असता.

बदल झाला तो वेगळाच. धोका टळल्यावरही मी रोज रात्री त्या जिन्यात जाऊन बसायचो. मागायला काही नसतानाही. माझ्या विश्वासाची सुरुवात कुठं झाली असं कुणी विचारलं, तर मी दृढीकरणाची तारीख सांगत नाही, तो जिना सांगतो.

आणि बघा, ज्याच्यासाठी मी त्या जिन्यात बसलो, तोच मुलगा १९ वर्षांनी मला म्हणाला, "तो तुमचा देव आहे, पप्पा."

याकोबाचा लांब रस्ता

हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. उपासनेहून परत येताना आठवलं. उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय. याकोब आंधळ्या बापासमोर एसावाचे कपडे घालून उभा आहे. इसहाक विचारतो, शिकार इतक्या लवकर कशी मिळाली? तेव्हा याकोब काय सांगतो? "तुमचा देव परमेश्वर" याने घडवून आणलं, असं सांगतो. विसावं वचन काढून बघा. "माझा देव" म्हणत नाही. बापाशी खोटं बोलतोय आणि बापाचाच देव तोंडी लावतोय.

पुढं बेथेलला तो स्वप्न पाहतो. उठल्यावर नवस बोलतो, आणि त्यात "जर" आहे. देवानं मला सांभाळलं, खायला-ल्यायला दिलं, सुखरूप घरी आणलं, तर तो माझा देव होईल. म्हणजे "माझा" हा शब्द आला, पण अटीवर. मग लाबानाकडे २० वर्षं. परत निघाला तर समोरून एसाव ४०० माणसं घेऊन येतोय. तेव्हा तो प्रार्थना करतो, आणि अजूनही सुरुवात तीच: माझ्या बापाचा, अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव. वशिला अजून सुटलेला नाही!

मग यब्बोक नदी. सगळ्यांना पलीकडे धाडलं, बायका, मुलं, जनावरं. शास्त्र सांगतं, याकोब एकटा राहिला. तिथं रात्रभर झुंज झाली. तिथं त्याला त्याचं नाव विचारलं गेलं, आणि या वेळी त्यानं एसावाचं नाव नाही सांगितलं, स्वतःचं सांगितलं. सकाळी तो लंगडत निघाला. आणि पुढे शखेमाजवळ त्यानं वेदी बांधली, तिचं नाव ठेवलं एल-एलोहे-इस्राएल. इस्राएलाचा देव. इस्राएल कोण? तो स्वतः. आता कुठं तो म्हणाला, हा माझा देव.

"तुमचा देव"पासून "माझा देव"पर्यंत किती वर्षं गेली बघा. आणि या सगळ्या वर्षांत देव त्याच्यावर रागावून निघून गेला का? नाही. "तुमचा देव" म्हणणाऱ्या याकोबाबरोबरही तो चालतच होता. हे वाचलं आणि मुलावरचा माझा राग अर्धा उतरला.

विहिरीपासून गावापर्यंत

आता नव्या करारात येऊ. योहानाचं शुभवर्तमान, चौथा अध्याय. शोमरोनी स्त्रीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भर दुपार, याकोबाची विहीर, तहानलेला येशू. पण आपण बहुतेक वेळा उपदेश ऐकतो तो विहिरीपाशी संपतो. मला आज शेवटचा भाग घ्यायचा आहे, ३९ ते ४२ वचनं.

ती बाई घागर तिथंच टाकून गावात गेली. लोकांना सांगितलं, आणि बऱ्याच जणांनी तिच्या शब्दावरून विश्वास ठेवला. ही सुरुवात झाली. वाईट सुरुवात नाही हं! कुणाच्या तरी सांगण्यावरूनच आपण सगळे येतो. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, हे पौलानं आवर्जून लिहिलं आहे. म्हणून आईचा विश्वास कमी लेखू नका. माझ्या आईची कुजबूज नसती तर त्या रात्री जिन्यात मी कुणाला हाक मारली असती?

पण ते गावकरी तिथं थांबले नाहीत. ते स्वतः येशूकडे आले. राहा म्हणाले. तो दोन दिवस राहिला. आणि दोन दिवसांनी ते त्या बाईला काय सांगतात? आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर नाही. आम्ही स्वतः ऐकलं आहे, आम्हाला कळलं आहे.

विचार करा, त्या बाईला हे ऐकून वाईट वाटलं असेल का? आता माझी गरज नाही म्हणून? मला वाटतं, तिला त्याहून मोठा आनंद दुसरा नसेल. साक्ष देणाऱ्याचं काम हेच, की एक दिवस ऐकणाऱ्याला आपली गरज उरू नये. आईबापांनो, हे आपल्यासाठी आहे. मुलांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा एवढ्यावर आपण थांबतो. त्या दोन दिवसांसाठी आपण जागाच ठेवत नाही.

पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

या चौथ्या अध्यायावरून मला आपल्याच मातीतली एक बाई आठवते. पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या. तिथल्या सिस्टर्सचं फुलहॅमला एक घर होतं. समाजानं ज्यांना "वाया गेलेल्या" म्हणून टाकलं अशा स्त्रियांना तिथं सांभाळत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, या बायकांची एवढी काळजी तुम्ही का घेता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना हाच अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची बाई. रमाबाईंच्या मनाची पकड घेतली ती या गोष्टीनं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

झालं, इथं गोष्ट संपायला हवी होती ना? पण नाही. पुढं त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला नेलं. विधवांसाठी रात्रंदिवस राबल्या. सगळं जग त्यांना ख्रिस्ती विदुषी म्हणून ओळखत होतं. आणि त्याच काळात त्यांच्या हाती विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन पडलं. हा पाळक बरीच वर्षं पाळक होता, चर्च बांधलेलं, उपदेश चालू. आणि १८५१ साली स्वतःच्याच चर्चमध्ये, स्वतःचाच उपदेश चालू असताना, त्याचं स्वतःचं हृदय पालटलं! रमाबाई ते वाचून थांबल्या. स्वतःला विचारू लागल्या, असं काही माझ्या बाबतीत घडलं आहे का?

१९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. त्यात त्या मोकळेपणानं सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमजलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. विचार करा. संस्कृत शास्त्रं तोंडपाठ असलेली बाई, कलकत्त्याच्या पंडितांनी "पंडिता" आणि "सरस्वती" म्हणून गौरवलेली बाई. तिला हे कबूल करायला काय धैर्य लागलं असेल! आपल्याला तर शेजाऱ्यासमोर "मला प्रार्थना येत नाही" एवढं म्हणवत नाही.

आणि दुसरी गोष्ट. या बाईंनी आयुष्यभर प्रश्न विचारले. वाँटेजच्या सिस्टर्सना लिहिलेल्या पत्रांतून त्या वाद घालायच्या. कुणी अधिकारानं सांगतंय म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. शास्त्रात पाहीन, माझ्या विवेकाला पटलं तर मानीन. तिकडच्यांना हा हट्ट वाटला असेल. पण ज्या बाईनं पुढं दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावला मुक्तीत आणलं, ज्या बाईनं इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, तिचा विश्वास उसना असता तर तो इतकं ओझं पेलू शकला असता का? उसनं घेतलेलं उसनंच असतं. लग्नाला मिरवता येतं. दुष्काळात पुरत नाही.

एक उदाहरण थोडक्यात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याबरोबर घेतला नाही. त्या दुखावल्या, वेगळ्या राहिल्या. पुढे जवळ आल्या तरी स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवलं. त्यांच्या मनातली सोवळ्या-ओवळ्याची भिंत त्यांच्या स्वतःच्या आत पडली, तेव्हाच सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा झाला म्हणून बायको झाली, असं नाही. आणि टिळकांना त्या पाच वर्षांत वाट पाहावी लागली. बापांनो, नवऱ्यांनो, हे वाट पाहणंही विश्वासाचंच काम आहे. मला ते इस्त्री करताना जमलं नव्हतं.

मग करायचं काय?

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण स्वतःचा विश्वास आणायचा कुठून? मी तीन गोष्टी सांगतो. या मोठ्या नाहीत.

पहिली. देवाशी आपल्या शब्दांत खरं बोला. रोज दोन मिनिटं. शब्द सुंदर नकोत. "आज मला तुझ्याशी बोलायची इच्छा नाही" हेही चालेल. स्तोत्रसंहिता काढून बघा, तिथं रडणं आहे, तक्रार आहे, "कुठवर?" असा प्रश्न आहे. देवाला आपल्या खोट्या आदरापेक्षा खरी तक्रार जास्त चालते.

दुसरी. शास्त्र स्वतः वाचा, आणि वाचताना हातात पेन्सिल ठेवा. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय, बिरुयातले लोक. प्रत्यक्ष पौल उपदेश करतोय, तरी ते रोज शास्त्र उघडून तपासत होते, हा सांगतो ते खरं आहे का. लूकानं याबद्दल त्यांना उद्धट म्हटलं नाही, त्यांची वाखाणणी केली. म्हणून या पॉडकास्टवर मी सांगतो तेही तपासा. मी सांगितलं म्हणून घेऊ नका.

तिसरी. जेवढं कळलं तेवढं करा. सगळं कळेपर्यंत थांबलात तर आयुष्य जाईल. भावाशी बोलणं बंद आहे आणि क्षमा करायला हवी हे कळलंय? तेवढं करा. पुढचं पुढे कळतं. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही, हे आपल्याला विहिरीवर कमरेला दोर बांधून ढकलणाऱ्या काकांनी शिकवलं आहेच.

आणि एक गैरसमज काढून टाकतो. स्वतःचा विश्वास म्हणजे एकट्याचा विश्वास नव्हे. "माझं आणि देवाचं बघून घेईन, मंडळी कशाला हवी" असं म्हणणारे भेटतात. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय एकत्र येणं सोडू नका म्हणून बजावतो. शोमरोनातले ते गावकरी विश्वासात आले तेव्हा "मला कळलं" म्हणाले नाहीत, "आम्हाला कळलं" म्हणाले. प्रत्येकानं स्वतः ऐकलं, आणि म्हणूनच ते मिळून म्हणू शकले. चुलीत प्रत्येक लाकूड स्वतः पेटावं लागतं. पण एकच लाकूड बाजूला काढून ठेवलं तर ते धुमसत विझतं.

त्या रविवारी पुढे

त्या रविवारी मी घरी आलो. मुलगा गॅलरीत बसला होता. मी शेजारी बसलो आणि त्याला जिन्याची गोष्ट सांगितली. त्याला वाटायचं, ती त्याला माहीत आहे. १९ वर्षं मी त्याला अर्धीच सांगत होतो: तू इवलासा होतास, आम्ही प्रार्थना केली, देवानं वाचवलं. फोन लागला नाही, मला प्रार्थना येत नव्हती, शेजारच्या पेटीतली मुलगी गेली, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, पोराच्या विश्वासाला धक्का बसेल.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "नव्हतं."

प्रियांनो, त्याच्या चेहऱ्यावर जे मोकळेपण आलं ते मी सांगू शकत नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपल्या घरात सगळ्यांना देव माहीत आहे आणि आपल्यालाच नाही. मी लपवलं होतं, आणि त्यानं एकट्यानं भोगलं होतं. मी त्याची माफी मागितली. मग म्हटलं, "माझ्यासाठी उपासनेला येऊ नकोस. पण एक कर. योहान वाच. रोज थोडं. जिथं पटणार नाही तिथं पेन्सिलनं खूण कर." त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण हॉस्टेलला जाताना आजीचा नवा करार बॅगेत टाकलेला मी पाहिला.

मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे. आजारी मुलाला घेऊन येशूकडे आलेला. त्याची प्रार्थना मला फार जवळची वाटते. तो कबूल करतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात अविश्वासासाठी मदतही मागतो. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, आधी पूर्ण विश्वास घेऊन ये म्हणून. त्या अर्ध्यामुर्ध्या, पण स्वतःच्या, विश्वासावर येशूनं काम केलं.

मागच्या महिन्यात मुलाचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. योहानाचा चौथा अध्याय, आणि समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह. खाली लिहिलं होतं, "पप्पा, पाणी न्यायला आलेली बाई घागर तिथंच का सोडून गेली?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. या चौथ्या अध्यायावर मी किती वेळा बोललो असेन! बोटं टाइप करायलाही लागली. मग मी ते पुसलं आणि लिहिलं, "तुला काय वाटतं?"

अजून उत्तर आलेलं नाही. मी वाट बघतोय.

चला, प्रार्थना करू या. जिथं असाल तिथं. गाडी चालवत असाल तर डोळे उघडे ठेवूनच.

हे प्रभू येशू, आमच्या आया-आज्यांनी गुडघे झिजवून आम्हाला तुझ्या दारापर्यंत आणलं, त्याबद्दल तुझे आभार. आता आत यायला आम्हाला बळ दे. ज्यांचं तुझ्याशी बोलणं पाठांतरात अडकलं आहे, त्यांना आज एक खरं वाक्य दे. ज्यांना शंका आहेत त्यांची लाज काढून टाक. जे आईबाप वाट बघत आहेत, त्यांना धीर दे आणि गप्प राहायचं कळू दे. ज्यांच्या मागण्या त्यांनी मागितल्या तशा पुऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या शेजारी तू बस. तू आमच्या बापांचा देव आहेस; तू आमचाही हो. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

पुढच्या भागात भेटू या. तोवर प्रभू तुम्हाला सांभाळो. जयख्रिस्त.